निवडीच्या वाट्या

करमाळ्याची एसटी बार्शीच्या स्टँडवर थांबली. मी पिशवी सावरत खाली उतरते न उतरते तोच समोरच्या पानाच्या दुकानातून हाक आली.

"हेमलता! वाटी पोचली बरं का!"

कसली वाटी, मला काहीच कळेना. मी मामाकडे आठवडाभर राहून परतत होते. उगीच मान हलवली आणि टांग्यात बसले. टांगेवाला घोड्याला सोडून माझ्याशीच बोलायला लागला.

"ताई, आमच्याकडं पण आली वाटी. जड आहे चांगली. पोरगं दूध पितंय तुमच्या नावानं."

गल्लीच्या तोंडाशी माझ्या शाळेतल्या जोशीबाई भेटल्या. त्यांनी टांगा थांबवून माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि सांगितलं, की काल त्या वाटीतून त्यांनी देवाला श्रीखंडाचा नैवेद्य दाखवला.

आमचं भांड्यांचं दुकान होतं. 'वेळापुरे भांडी भांडार'. खाली दुकान, वर घर. दादा म्हणजे माझे वडील गादीवर बसले होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं काही तेज होतं की जणू पितळ नुकतंच चिंचेनं घासलंय. त्यांनी उठून माझ्या हातात स्टीलची एक वाटी ठेवली. वाटीच्या पोटावर ठोक्याठोक्यांच्या अक्षरांत नाव घातलं होतं:

कु. हेमलता वेळापुरे
मुंबईस निवडीप्रीत्यर्थ
अक्षय तृतीया

"पेढे काय, खाल्ले की संपले," दादा म्हणाले. "वाटी घरात राहते."

"दादा, पत्र आलं? कुठंय?"

गल्ल्याखालून त्यांनी पाकीट काढलं. चांगलं जाडजूड होतं. मुंबईच्या व्यवस्थापनाच्या संस्थेचं. त्या वर्षी, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, तिथं जाऊन मी मुलाखत देऊन आले होते. दुकानदाराच्या मुलीनं धंद्याचं शिकायला मुंबईला जावं, हे आमच्या समाजात कुणाच्या गावीही नव्हतं. दादांनी एकदाच हो म्हटलं होतं, आणि तेही "ह्या वर्षी जमलं तर जमलं, दुसऱ्यांदा मला समाजाची बोलणी खायला लावू नको" असं बजावून.

मी पत्र वाचलं. पहिल्या पानावर संस्थेनं माझं कौतुक केलं होतं. दुसऱ्यावर लिहिलं होतं की माझं नाव प्रतीक्षा यादीत पहिलं आहे. निवडलेल्यांपैकी कुणी जागा सोडली तर मला कळवण्यात येईल. उरलेली पानं वसतिगृहाच्या नियमांची होती. जागा मिळालीच तर असावीत म्हणून जोडलेली.

"दादा, ही निवड नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे मी दाराबाहेर उभी आहे. आतलं कुणी बाहेर आलं तर मी आत."

दादा गादीवर बसले. पाकीट हातावर तोलत म्हणाले, "पण एवढं जाड पाकीट! नकार द्यायला एवढा कागद कोण खर्चील गं? चार ओळींचं पोस्टकार्ड टाकलं की काम होतं."

हा हिशेब फक्त दुकानदारच करू जाणे. त्यांना मराठी येत होतं, मोडी येत होती, इंग्रजी नव्हतं. पाकिटाचं वजन हातावर बघून त्यांनी मजकूर ठरवला होता. अक्षय तृतीयेचा मुहूर्त गाठायचा म्हणून नाव घालणाऱ्या बाबूला दुकानात बसवून घेतलं, आणि संध्याकाळपर्यंत अर्ध्या बार्शीत माझ्या नावाच्या वाट्या पोचल्या.

एक गोष्ट मला तेव्हा खटकली होती. दादा पाकिटं बोट घालून फाडायचे, अगदी वेडीवाकडी. हे पाकीट कात्रीनं सरळ कापलेलं होतं. पण डोक्यावर आभाळ कोसळलेलं असताना पाकिटाच्या कडेकडे कोण बघत बसतं?

त्या संध्याकाळी वरच्या घरात आमची बैठक बसली. दादा, मी आणि आत्या. आई माझ्या लहानपणीच गेली होती, घर आत्यानंच चालवलं. ती दादांची थोरली बहीण. गाव तिला गोदाक्का म्हणे. तिला कोण कुणाचं कोण लागतं हे सगळं पाठ होतं आणि कुणाचीही भीड नव्हती.

"वाट्या परत मागू," दादा म्हणाले.

"माग. म्हणजे ज्याला माहीत नाही त्यालाही कळेल."

"बरं, मग वाटीवर जागा आहे थोडी. बाबूला घरोघर पाठवतो. 'निवडीप्रीत्यर्थ'च्या आधी 'संभाव्य' एवढंच ठोकून येईल."

आत्यानं सुपारी कातरायची थांबवली. "विष्णू, लग्नात कधी 'संभाव्य जावई' म्हणून तांब्यावर नाव घालून दिलंयस का रे कुणाला?"

मी हसले, आणि हसता हसता रडायला लागले. नाव घातलेलं भांडं कुणी परत घेत नाही, हे आमच्या धंद्यातलं पहिलं वाक्य. ठोकलेलं अक्षर पुसता येत नाही. जुलैत संस्था सुरू होणार आणि मी बार्शीतच दिसणार. मग प्रत्येक घरात, प्रत्येक पंगतीत, आमटीच्या तळाशी माझं नाव आणि दादांची फजिती.

हल्ली माझ्या नातीचं नाव अशाच कुठल्याशा यादीत लटकलंय. ती दिवसातून दहादा मोबाइल उघडून बघते. आमच्या वेळी बघायला फक्त पोस्टमन होता.

"रडू नको," आत्या म्हणाली. "आत गेलेले कोण कोण आहेत ते सांग."

"मला एकच माहीत आहे. समोरचा."

समोरचा म्हणजे उल्हास कंदले. आमच्या दुकानाच्या बरोब्बर समोर कंदल्यांचं भांड्यांचं दुकान होतं, आणि दोन्ही दुकानांचं वैर आमच्या जन्माआधीपासूनचं. आम्ही पाटीला हिरवा रंग दिला की त्यांनी भगवा द्यायचा. उल्हास आणि मी कॉलेजात एकाच वर्गात. वेळापुऱ्यांच्या पोरीनं मुंबईचा फॉर्म भरला म्हटल्यावर त्याच्या वडिलांनी, नरहरशेठनी, दोन फॉर्म मागवले. एक लिहिताना चुकला तर असावा म्हणून. उल्हास अभ्यासात माझ्यामागे, पण मुलाखतीत त्याला हसून बोलता येई. त्याची निवड झाली होती.

"हं," आत्या म्हणाली आणि तिनं सुपारी तोंडात टाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी उल्हासच आमच्या दुकानात आला. वैर असलं तरी वजनं उसनी नेण्याची चाल दोन्हीकडे होती. त्यात कमीपणा नव्हता.

"पाच किलोचं वजन दे गं. आमचं कुठं गेलंय सापडत नाही." बोलता बोलता त्यानं ओट्यावरच्या कळशीवर बोटाच्या पेरानं टिचकी मारली आणि कान देऊन ऐकलं. ही त्याची लहानपणापासूनची खोड. भांडं दिसलं की वाजवून बघायचं.

"अभिनंदन," मी दात आवळून म्हणाले.

"तुझंही. वाटी आली की घरी. बापू तिच्यात पानाचा चुना ठेवतात. रोज तुझ्या नावाला बोट लावतात." बापू म्हणजे नरहरशेठ.

"कधी निघतोयस?"

"जूनअखेर. पण बापूंचं काही खरं नाही बघ. मागे मला पुण्याच्या शाळेत घालणार होते. ट्रंकसुद्धा आणली होती. तेवढ्यात दिवाळीला तुमच्या दुकानात जरा गर्दी झाली आणि मला गल्ल्यावर बसवलं. तुमच्याकडं माणसं दिसली की त्यांना घरचं माणूस घरातच लागतं." वजन खांद्यावर घेऊन तो निघाला. "चल, येतो."

तो रस्ता ओलांडेपर्यंत माझ्या डोक्यात चक्र फिरलं होतं. मी पळत वर गेले. आत्या गहू निवडत होती.

"आत्या, आपल्या दुकानात गर्दी झाली तर?"

"तर विष्णूला आनंद होईल."

"आणि नरहरशेठना झोप लागणार नाही. ते उल्हासला जाऊ देणार नाहीत. एक जागा मोकळी होईल. आणि पहिलं नाव माझं!"

आत्यानं सुपातून मान वर केली. माझ्याकडे असं बघितलं की जणू मी पहिल्यांदाच पोळी लाटली आणि ती गोल आली.

"कुणाच्या डोक्यातनं निघालं हे?"

"माझ्या!"

"वा गं," आत्या म्हणाली आणि पुन्हा गहू निवडायला लागली.

गर्दी जमवायची ठरवली, पण कशी? लग्नसराई ऐन भरात होती. भांडी तीच, भाव तोच, दोन्हीकडे. मी दिवसभर ओट्यावर बसून नुसती गिऱ्हाइकं बघितली. संध्याकाळी एक बाई आली, परात घेतली, नाव घालायला सांगितलं. आत्या सहज म्हणाली, "बागलांच्या कमलला का? अगं, तिला पराती तीन झाल्या. आता ही चौथी. पोरगी काय पीठ मळतच मरणार का?"

"मग काय देऊ हो?"

"तिच्याकडं पोळ्यांचा डबा नाही कुणी दिला."

बाईनं डबा घेतला आणि आनंदानं गेली. आणि मला आमचा धंदा सापडला.

आमच्याकडं लग्नात आहेर म्हणजे भांडं. प्रत्येक जण नाव घालून देणार. आणि कुणी काय दिलंय ते कुणालाच माहीत नसायचं. नव्या नवरीकडे अकरा तांबे आणि एकही झारा नाही, अशी गत. बदलूनही घेता येत नाही, कारण देणाऱ्याचं नाव त्यावर! माझ्या लक्षात आलं की आत्याला ओट्यावर बसवलं, तर ती आख्ख्या बार्शीचा आहेर मार्गी लावील.

तिसऱ्या दिवसापासून आत्या पांढरं स्वच्छ लुगडं नेसून, पानाचा डबा मांडीशी घेऊन ओट्यावर बसू लागली. तिच्या बाजूला मी रुखवत मांडावं तसा एक पुरा संसार मांडला: हंड्यापासून चहाच्या गाळणीपर्यंत. रुखवत बघायला कुठल्या बाईचे पाय थांबत नाहीत? थांबल्या की आत्या विचारायची.

"कुणाचं लग्न?"

"यादवांच्या प्रभाकरचं."

"त्याला कळश्या उदंड झाल्यात. तू कढई दे. मुलाची आई तळणात हुशार आहे, तुझं नाव रोज घेईल."

कधीकधी सल्ल्याबरोबर जोडही मिळायची. "त्यांच्याकडं देतेस होय फुलपात्रं? मागच्या साली तुझ्या पोरीला काय दिलं होतं त्यांनी, आठवतंय का? एक चमचा. तू दोन दे. व्याज झालं."

माणसं हसायला यायची, हसत हसत घेऊन जायची. पंधरवड्यात गल्लीत पाय ठेवायला जागा उरेना. बाबूचा हात नावं घालून घालून सुजला. त्यानं भाच्यालाही बोलावून घेतलं. टकटक टकटक दिवसभर. मला नवल एवढंच वाटायचं, की आमच्या दुकानातून गेलेलं आत्याला ठाऊक असेल हे ठीक. पण कंदल्यांकडून कोण काय घेऊन गेलं तेही तिला बिनचूक माहीत असायचं. विचारलं की म्हणायची, "देवाची कृपा." आणि खरंच, त्या दिवसांत तिची भक्ती एकाएकी वाढली होती. एरवी एकादशीलाही न जाणारी बाई रोज तिन्हीसांजेला भगवंताच्या देवळात जाऊन प्रदक्षिणा घालून येई.

समोर नरहरशेठ गादीवर बसून आमच्याकडे बघत. त्यांचं पान रंगेनासं झालं होतं. मी मनातल्या मनात मुंबईची ट्रंक भरायला घेतली.

पण डाव उलटला. एका सकाळी नरहरशेठ गल्लीच्या मध्ये उभे राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात दादांना म्हणाले, "विष्णूशेठ, बसवा अजून चार म्हाताऱ्या ओट्यावर! माझा उल्हास मुंबईहून शिकून येऊ दे. मग बघतो!"

त्याच दिवशी त्यांनी उल्हासच्या दोन पँटी आणि कोट शिवायला टाकला. शिंपी आमच्याच दुकानावरून कापड घेऊन गेला, मुद्दाम हळूहळू.

मी वर जाऊन भिंतीकडे तोंड करून बसले. गर्दी वाढेल तसा नरहरशेठना मुलगा शिकून यायला हवा होता. मी माझ्याच हातानं उल्हासला गाडीत बसवत होते. संस्थेला मी एक पत्र लिहिलं होतं, त्याचं उत्तरही त्याच दिवशी आलं: जागा रिकामी झाल्यास कळवू. हे पाकीट चांगलंच पातळ होतं. दादांनी हातावर घेतलं आणि तसंच माझ्याकडे दिलं. त्यांना वजनाची भाषा अजून खरीच वाटत होती.

"संपलं, आत्या."

"काय संपलं? वैरागचं लग्न कुठं झालंय अजून."

"कसलं वैरागचं लग्न?"

"नरहरीच्या मेहुण्याच्या मुलीचं." आत्या लुगड्याला हात पुसत उठली. "चल खाली. दुपारी तू दाराच्या आड बस. खोकला आला तर बाहेर जा."

दुपारी उन्हं कलंडल्यावर, गल्ली जरा शांत झाल्यावर, नरहरशेठ खरोखरच रस्ता ओलांडून आले. माझ्या आठवणीत पहिल्यांदाच. मी फळीच्या दाराआड पोत्यावर बसले होते.

"राम राम, गोदाक्का."

"ये नरहरी. बैस. पाणी घे."

"पाणी नको." ते ओट्याच्या कडेला टेकले. "ते… घरात विचारत होती. वैरागच्या लग्नात… म्हणजे तिच्या माहेरचं कार्य आहे. सगळे तुम्हांलाच विचारून घेतात म्हणे. आमचाच आहेर दुबार झाला, तर भांडेवाल्याची बायको म्हणून तिला तोंड दाखवायला नको."

"सुमनचं ना लग्न? पराती झाल्या चार. पातेल्यांची तर चळत लागलीय. अंघोळीचं घंगाळ नाही कुणी दिलं. घंगाळ दे."

"घंगाळ आहे माझ्याकडं."

"मग तुझ्याच दुकानातलं दे की. मी कुठं म्हणते इथनं घे? सल्ल्याला काही पैसे पडत नाहीत."

नरहरशेठ जरा सैल झाले. ते भांडायच्या तयारीनं आले असावेत. भांडण मिळालं नाही म्हणून पाणी प्यायले. मग इकडेतिकडे बघत म्हणाले, "हेमलता कधी निघणार?"

आत्या शांतपणे पानाला चुना लावत होती.

"वाटी आली ना तुझ्या घरी?"

"आली की."

"मग त्यावर लिहिलंय तेच. मी वेगळं काय सांगू?"

दाराआड मला खोकला आला. मी पदर तोंडात कोंबला.

"नाही, म्हणजे," नरहरशेठ पुढे सरकले, "पोरगी गेल्यावर हे सगळं बघणार कोण?"

आत्यानं एवढा मोठा सुस्कारा टाकला, की मांडलेल्या संसारातला चमचा हलला असता. "तेच तर, बाबा. हे सगळं पोरीच्या डोक्यातनं निघालेलं. ती गेली की मी म्हातारी आणि हा भोळा विष्णू, बसू माश्या मारत. पण करायचं काय? तुझा उल्हासही चाललाय. दोघं जातील, दोघं शिकतील. गिऱ्हाईक कसं जोडावं हेच शिकवतात म्हणे तिथं. तोवर इथलं गिऱ्हाईक काय, ज्याच्या ओट्यावर तरणं माणूस दिसेल त्याच्याकडं जाईल. जाऊ दे. दोन्ही दुकानं ओस पडली तर निदान कुणाला कुणाचं वाईट वाटणार नाही."

नरहरशेठनी आधी आमच्या ओट्याकडे बघितलं, मग स्वतःच्या दुकानाकडे. तिथं उल्हास एका बाईला पातेलं वाजवून दाखवत होता. बाई हसत होती. बराच वेळ नरहरशेठ ते बघत राहिले.

"घंगाळ म्हणालात ना?" ते उठले.

"घंगाळ. आणि नाव ठसठशीत घाल."

ते रस्ता ओलांडून गेले. आत्यानं पान तोंडात टाकलं आणि दाराकडे न बघता म्हणाली, "खोक आता."

आठवडा उलटायच्या आत उल्हास समोरच्या गल्ल्यावर कायमचा बसला. मुंबईसाठी शिवलेली पँट घालून. कोटाचं काय झालं ते कळलं नाही. पुढे कधीतरी नरहरशेठ एका लग्नात बाह्या आखूड झालेला कोट घालून आलेले दिसले, तोच असावा.

आणि मग तार आली. जागा रिकामी झाली होती, मी ताबडतोब रुजू व्हायचं होतं. दादांचे डोळे भरून आले. ते चप्पल पायात घालून तार घेऊन गल्लीत धावले, आणि चार पावलांवर थांबले. सांगणार कुणाला? सगळ्या गावाला ही बातमी अक्षय तृतीयेपासून माहीत होती. खरी बातमी आली तेव्हा ऐकायला माणूस शिल्लक नव्हता. शेवटी ते परत येऊन बाबूला म्हणाले, "अक्षरं चांगली आली होती हो त्या वाट्यांवर." बाबूला कळेना, ही आठवण आज का.

मी निघाले तेव्हा बार्शीहून कुर्डूवाडीपर्यंत छोटी गाडी होती. पुढं मोठी गाडी बदलायची. दादा आणि आत्या कुर्डूवाडीपर्यंत सोडायला आले. बार्शीला गाडी सुटायच्या बेतात असताना उल्हास फलाटावर धावत आला. हातात स्टीलचा डबा.

"शेंगदाण्याची चटणी आहे. आईनं दिलीय." डबा त्यानं खिडकीतून माझ्या हातात दिला. मला त्याच्या तोंडाकडे बघवेना. बिचाऱ्याची जागा मी पळवली होती आणि तो मला चटणी देत होता.

"उल्हास," मी म्हणाले, "तुला वाईट वाटत असेल."

"खूप," तो म्हणाला. अगदी गंभीरपणे. मग खिडकीच्या लोखंडी गजावर त्यानं टिचकी मारली, ऐकलं, आणि गाडी हलली.

दादांनी डबा हातात घेऊन उलटसुलट बघितला, वजन केलं, नाइलाजानं म्हणाले, "माल बरा ठेवतात कंदले," आणि पुढच्या स्टेशनाआधीच झोपले. मी डबा परत घेताना बोटांना तळाशी काही खरखरीत लागलं. डबा तिरका करून मी खालून बघितलं. नाव भांड्याच्या पोटावर घालतात, तळाला कुणी घालत नाही. आणि ठोकेही बाबूचे नव्हते. अक्षरं जरा तिरकी, शिकाऊ हाताची होती.

कु. हेमलता वेळापुरे हिस
माझी जागा घेतल्याबद्दल
सप्रेम भेट
उ. न. कंदले
अक्षय तृतीया

मी तारीख पुन्हा वाचली. अक्षय तृतीयेला तर मी करमाळ्यात होते. अक्षय तृतीयेला माझ्या डोक्यात कसलाही बेत नव्हता. पत्रसुद्धा मी वाचलं नव्हतं.

आत्या समोरच्या बाकावर बसून खिडकीबाहेर बाभळी बघत होती. फारच मन लावून.

"आत्या."

"काय गं?"

"पाकीट कात्रीनं कुणी कापलं?"

आत्यानं झोपलेल्या दादांकडे एक नजर टाकली. "इंग्रजी वाचणारं जवळ कोण होतं? तू मामाकडं. विष्णूनं बाबूला बोलावणं धाडलं आणि मग मागच्या दारानं पत्र घेऊन गेला उल्हासकडं. सगळं ठीक आहे ना एवढं बघ म्हणाला. पोरानं पाकीट कात्रीनं कापलं, शेवटपर्यंत वाचलं, घडी घातली, आणि म्हणाला, 'काका, वाट्या जरा जाड घ्या, टिकतील.'"

"आणि दादांनी मला सांगितलं नाही?"

"कंदल्याच्या पोराकडनं वाचून घेतलं, हे तो मेला तरी सांगेल का? त्याच संध्याकाळी उल्हास मला देवळात भेटला. म्हणाला, 'गोदाक्का, मला नाही जायचं. मला भांड्यांच्या आवाजाशिवाय करमत नाही. पण बापूंसमोर तोंड उघडत नाही माझं.' मी म्हटलं, बापाला तूच नको सांगू. बापालाच तुला सांगू दे."

"म्हणजे तू रोज प्रदक्षिणा…"

"मग काय? त्यांच्या दुकानातनं कोण काय घेऊन गेलं, ते मला दुसरं कोण सांगणार? माझ्या डोक्यात आख्खी बार्शी मावते असं वाटलं होय तुला?"

गाडी डुलत चालली होती. मला काय वाटावं तेच कळेना. ते उसनं वजन, ती दिवाळीच्या गर्दीची गोष्ट, सगळं डोळ्यांसमोरून गेलं. मी हुशार म्हणून दुसऱ्याला नाचवत होते, आणि दोऱ्या माझ्याच मनगटाला होत्या.

"मला आधीच सांगायचं होतंस!" मी चिडून म्हणाले. "तो सरळ म्हणाला असता, घे माझी जागा, तर…"

"तर तू घेतली असतीस?"

मी डबा तिरका करून ती अक्षरं पुन्हा वाचली.

"कंदल्याच्या पोरानं दिलेली जागा?" आत्या म्हणाली. "ताठ मानेनं 'नको' म्हणून घरी बसली असतीस. तुला मी न्हाऊ घातलंय. दिली असती तर घेतली नसतीस. पळवायला मिळाली म्हणून घेतलीस."

एवढं बोलून तिनं माझ्या हातातून डबा काढून घेतला. झाकण उघडून चिमूटभर चटणी तोंडात टाकली. मग अगदी उल्हाससारखी डब्यावर टिचकी मारली आणि कान देऊन ऐकलं.

"आपल्यापेक्षा जाड आहे गं," ती हळूच म्हणाली. "विष्णूला सांगू नको."